हाडं धुऊ नका, पाण्यात सोडू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पत्र लांबलं आहे, पण विषय अर्धवट सांगून उपयोग नाही, म्हणून ते शक्यतो पूर्ण छापावं ही विनंती.

मी शिरूर तालुक्यातला. एका सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस गळीत हंगाम काढून केमिस्ट म्हणून निवृत्त झालो. गेल्या वैशाखात पुतण्याच्या शेतात सपाटीकरण चालू होतं. नदीकाठचा तुकडा, त्यात एक पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड. पांढरीची माती आमच्याकडे पूर्वी धाब्यावर टाकायला नेत, काही जण खत म्हणून शेतात पसरत. त्यामुळे टेकाड आधीच निम्मं झालं होतं. उरलेलं त्या दिवशी जेसीबीनं काढलं.

दुपारी पुतण्याचा फोन आला, "आण्णा, मडकी निघालीत, आत हाडं आहेत." मी पोचेपर्यंत तासभर गेला. राखाडी रंगाची दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली होती. एक बकेटच्या दातानं फुटलं होतं, दुसरं शाबूत होतं. आतली हाडं आगकाडीएवढी, काही तर उदबत्तीच्या काडीएवढी. कवटीचे तुकडे पापडासारखे पातळ. आणि दातांचे कोंब. ज्वारीच्या दाण्याएवढे, खालून पोकळ, वर मात्र काचेसारखे चकचकीत. ते मी तळहातावर घेऊन पाहिले. तान्हं मूल होतं.

पण मी पाहिले ते धुतल्यानंतर. घरच्या बायकांनी बोअरच्या पाण्याखाली सगळं स्वच्छ केलं होतं, ताटात मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. कुणाचं तरी लेकरू उघड्यावर पडलंय, त्याचं नीट व्हावं, एवढीच त्यांची भावना होती. त्यांना मी दोष देत नाही. मी एका कार्यालयात फोन लावला. सोमवारी लेखी अर्ज घेऊन या, असं उत्तर मिळालं. तो शुक्रवार होता. गावातल्या जाणत्यांनी सांगितलं, विषय वाढवू नका, जमीन अडकेल. दिवेलागणीच्या आत हाडं, दात, शाबूत मडकं, सगळं नदीत सोडलं गेलं. मी काठावर उभा होतो आणि मला काही करता आलं नाही.

ते मूल किती जुनं होतं हे आता कुणीच सांगू शकणार नाही. शंभर वर्षांचं असेल, तीन हजार वर्षांचं असेल. पण तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी म्हटल्यावर आमच्या भागातल्या कुणालाही इनामगाव आठवेल. घोड नदीच्या काठावरच्या त्या टेकाडावर डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात खोदकाम केलं. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी यांनी तांब्या-दगडाची हत्यारं वापरणाऱ्या जोर्वे संस्कृतीच्या शेतकऱ्यांचं अख्खं गाव मातीतून वर काढलं. सर्वांत जुनी वस्ती इसवी सनपूर्व 1600 च्या सुमाराची, शेवटची इसवी सनपूर्व 700 च्या सुमाराची. घरांच्या जमिनीखाली दोनशेहून अधिक दफनं मिळाली, त्यातली बहुतेक मुलांची, आणि ती अशीच दोन मडक्यांत. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून आडवं पुरलेलं, आणि घोट्यापासून खालची पावलं तोडलेली. एका पुरुषाचे पाय मात्र शाबूत होते. तो चार पायांच्या, कच्च्या मातीच्या फुगीर रांजणात बसवलेला होता. शाळेत असताना आमचे मास्तर आम्हांला ते खोदकाम दाखवायला घेऊन गेले होते. खड्ड्याच्या कडेला उभं राहून, कुंचल्यानं माती झाडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो तिथं.

त्या कुंचल्याच्या पुढचं काम आता रसायनशास्त्र करतं, आणि ते माझ्या ओळखीचं आहे. म्हणून मला गप्प बसवत नाही.

आमच्या लॅबमध्ये उसाच्या रसाचा ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ किती) आणि पोल (त्यात साखर किती) काढायचो. कारखान्याची रिकव्हरी त्यावर, शेतकऱ्याचा दर त्यावर. पहिल्या दिवशी आमच्या चीफ केमिस्टनी एकच गोष्ट शिकवली होती : यंत्र कितीही भारी असू दे, नमुना चुकला की सगळं चुकलं. रसाच्या बाटलीत पाण्याचे चार थेंब गेले तरी तो नमुना फेकायचा. नमुना टिकवायला काही घातलं असेल तर ते वहीत लिहायचं. हाडांचंही अगदी तसंच आहे. ताटातल्या हळदीकडे पाहताना मला ते शब्द आठवत होते.

आता हाडातून काय कळतं ते सांगतो. ऊस आणि गहू हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीनं घेतात. कार्बनचे दोन स्थिर प्रकार हवेत असतात, एक हलका, दुसरा किंचित जड. जडाचं प्रमाण जेमतेम 1.1 टक्का. ऊस, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका ही उन्हाळी कुळातली पिकं जड कार्बन त्या मानानं जास्त ठेवून घेतात. गहू, जव, भात आणि डाळी तो बराच मागे टाकतात. शास्त्रज्ञांच्या मापात गव्हाचा आकडा वजा 26 च्या आसपास येतो, उसाचा वजा 12 च्या. मधात साखरेचा पाक मिसळलाय का, हे लॅबवाले याच फरकावरून पकडतात. मधमाशी ज्या फुलांवर बसते ती बहुतेक पहिल्या गटातली नसतात, ऊस त्या गटातला असतो, म्हणून आकडा बदलला की चोरी उघडी पडते. मधातली साखर ज्यानं पकडता येते त्याच हिशेबानं, मेलेला माणूस भाकरी खात होता की जवाची पेज, हे सांगता येतं. कारण हाडात कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं, आणि ते आपण खाल्लेल्या अन्नातून बनतं. 1977 मध्ये अमेरिकेतल्या जुन्या हाडांवर हा प्रयोग पहिल्यांदा झाला. तिथले मूळ रहिवासी मका कधीपासून खाऊ लागले हे त्यातून कळलं, कारण तिथल्या रानातल्या बाकी बऱ्याच वनस्पती दुसऱ्या गटातल्या होत्या.

आपल्यासाठी हा प्रश्न किती मोलाचा आहे पहा. इनामगावच्या लोकांचं मुख्य धान्य जव होतं, हे तिथं मिळालेल्या जळक्या दाण्यांवरून माहीत आहे. आज त्याच काठावर ज्वारी-बाजरीशिवाय पान हलत नाही. मधल्या कुठल्या पिढीत जव खाणारा माणूस भाकरी खाणारा झाला? ज्वारी मूळची आफ्रिकेतली. दाणे जळले तरच टिकतात, न जळलेले कुजून जातात, त्यामुळे नुसत्या दाण्यांवरून पिकांचा हिशेब पुरा होत नाही. हाड मात्र त्या माणसानं वर्षानुवर्षं जे खाल्लं त्याची सरासरी धरून असतं. अर्थात यातही अडचण आहे. राळा, वरई, कोदो ही आपली जुनी तृणधान्यंही उसाच्याच गटातली, आणि रानातलं गवत खाणाऱ्या जनावरांच्या मांसा-दुधातूनही तोच आकडा वर चढतो. म्हणजे हाड एकटं "ज्वारी" असं नाव घेऊन सांगणार नाही. दाणे, जनावरांची हाडं आणि माणसांची हाडं एकत्र ठेवली तरच खरं चित्र दिसेल. म्हणून तर एकेक हाड हवं.

नायट्रोजनचं याहून हळवं आहे. आईचं दूध पिणाऱ्या मुलाच्या शरीरातला जड नायट्रोजन आईपेक्षा हजारी दोन-तीनांनी जास्त असतो. दूध सुटून मूल वरचं खाऊ लागलं की तो हळूहळू उतरतो. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईनं आपल्या बाळाला किती दिवस पाजलं, हे त्या बाळाच्या हाडादातांतून काढता येतं. दुधाच्या दाताच्या एनॅमलवर, म्हणजे वरच्या टणक आवरणावर, तर जन्माच्या वेळची एक बारीक रेघ उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसली तर मूल जिवंत जन्मलं आणि निदान काही दिवस जगलं, असं कळतं. ती रेघच नसेल तर ते पोटात किंवा जन्मताच गेलं. माझ्या तळहातावर जे दाण्याएवढे कोंब होते त्यात हे उत्तर होतं. त्या बाईला जाऊन तीन हजार वर्षं झाली असोत की शंभर, तिच्या लेकराबद्दल कुणीतरी विचारलं असतं.

दाताचं आणखी एक. हाड आयुष्यभर झिजतं आणि नव्यानं भरतं. एनॅमल एकदा झालं की झालं. पहिल्या दाढेचा वरचा भाग तिसऱ्या वर्षाच्या आसपास पुरा होतो, अक्कलदाढेचा बारा ते सोळाच्या दरम्यान. त्या वयात जिथलं पाणी प्यायलो, जिथलं धान्य खाल्लं, तिथल्या खडकातलं स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य त्यात बसतं. खडक जितका जुना आणि रुबिडियम (ज्यातून स्ट्रॉन्शियमचा एक प्रकार हळूहळू तयार होतो) ज्यात जास्त, तितकं स्ट्रॉन्शियमच्या दोन प्रकारांचं गुणोत्तर चढं. आपला दख्खनचा काळा कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यामुळे त्याचं गुणोत्तर 0.71 च्या आसपास किंवा त्याहून खाली. दक्षिणेकडच्या जुन्या ग्रॅनाइटच्या मुलखात ते बरंच वर जातं. म्हणजे इनामगावात पुरलेली एखादी बाई लहानपणी ग्रॅनाइटच्या मुलखात वाढली असेल, तर तिची दाढ ते सांगेल. ती नेवाशाची होती की शिरूरची हे मात्र सांगणार नाही, कारण दोन्हीकडे कातळ एकच.

हे सगळं पुस्तकी नाही. 2015 साली हडप्पा आणि हरियाणातलं फरमाणा इथल्या दफनांतल्या दातांतला स्ट्रॉन्शियम आणि शिसं तपासून हेच केलं गेलं, आणि त्या दफनभूमीत पुरलेल्यांपैकी अनेक जण तिथं जन्मलेले नव्हते, लहान वयात बाहेरून आलेले होते, असं निघालं. उत्तराखंडातल्या रूपकुंडच्या सांगाड्यांची गोष्ट तर बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. पाच हजार मीटर उंचीवरचं तळं, काठावर शेकडो माणसांची हाडं. एकाच गारपिटीत मेलेले यात्रेकरू, असा वर्षानुवर्षं समज. 2019 मध्ये 38 जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 23 जण भारतीय वंशाचे निघाले, साधारण सातव्या ते दहाव्या शतकातले. 14 जण पूर्व भूमध्य समुद्राकडचे, एक आग्नेय आशियातला, आणि हे पंधरा जण मात्र त्यानंतर हजारभर वर्षांनी तिथं मेलेले. कोलॅजेनमधल्या कार्बनची तपासणीही त्याला जुळली. भारतीय गटातल्या लोकांच्या खाण्यात उसाच्या गटातल्या भरड धान्यांचं प्रमाण माणसागणिक कमीजास्त होतं, भूमध्य गटाचं खाणं मात्र जवळपास सगळं गहू-जव-तांदळाच्या वळणाचं. दोन वेगळ्या परीक्षा, उत्तर एकच. लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला याहून समाधान देणारी गोष्ट नाही.

गोव्यातलं उदाहरण डीएनएचं आहे, पण ते मला फार जवळचं वाटतं. जॉर्जियाच्या केतेवान राणीला 1624 मध्ये इराणातल्या शिराझला हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष ओल्ड गोव्याच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये आणून ठेवल्याची कागदोपत्री नोंद होती. चर्च पडलं, मनोरा तेवढा उरला. पुरातत्त्व खात्याला तिथल्या उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेनं ते तपासलं, आणि 2013 मध्ये सांगितलं की या हाडातला आईकडून आलेला डीएनए आपल्याकडे आढळत नाही, जॉर्जियात आढळतो. 2021 मध्ये त्या अवशेषांचा भाग जॉर्जियाला परत दिला गेला. चारशे वर्षं परमुलखात पडलेलं हाड घरी गेलं. ते हाड कुणी आधीच समुद्रात सोडलं असतं तर?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या हवेत हाड टिकत नाही. उन्हाळ्यात भाजणारी, पावसात फुगणारी आपली माती कोलॅजेन खाऊन टाकते. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीत साठाहून अधिक नमुने तपासले, तेव्हा एका बाईच्या कानाजवळच्या दगडासारख्या टणक हाडातून उपयोगाचा डीएनए मिळाला. 2019 मधला तो शोधनिबंध डेक्कन कॉलेजच्या डॉ. वसंत शिंदे यांच्या चमूचा. इनामगावच्या हाडांतल्या सूक्ष्म मूलद्रव्यांची तपासणी त्या काळी पुण्यात झालीही होती. पण पुढं जगभर लक्षात आलं की पुरलेल्या हाडात आसपासच्या मातीतली मूलद्रव्यं शिरतात, म्हणून आता भरवसा कोलॅजेनवर आणि एनॅमलवर जास्त. आणि तपासणीसाठी थोडं हाड, थोडा दात खर्ची पडतोच. पूर्वी मूठभर लागायचं, आता ग्रॅमच्या आत भागतं, पण ते परत मिळत नाही. म्हणून जे तपासायचं ते नीट ठरवून, आणि बाकीचं पुढच्यांसाठी राखून. जुन्या काळी ठिसूळ हाडं टिकावीत म्हणून त्यांना लाख किंवा डिंकासारखी द्रव्यं पाजत. त्यातही कार्बन असतो, तो हाडाच्या कार्बनमध्ये मिसळतो आणि आकडा बिघडवतो. काय लावलं हे वहीत लिहिलेलं असेल तर काढायचा प्रयत्न तरी करता येतो.

म्हणून माझी विनंती ज्यांच्या शेतात, विहिरीच्या खोदकामात, रस्त्याच्या कडेला, घराच्या पायात असं काही निघेल त्यांना आहे. यंत्र थांबवा. हाड, दात, मडकं जिथं आहे तिथंच असू द्या. मोबाईलवर फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा निदान एखादं नाणं ठेवून. पाण्यानं धुऊ नका, हळदकुंकू, तेल, अत्तर लावू नका, फुटलेलं मडकं फेविकॉलनं चिकटवू नका. अगदी उचलावंच लागलं तर स्वच्छ कागदात गुंडाळा, ओलं हाड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. आणि शेजारची ओंजळभर माती वेगळी बांधून ठेवा, तिथला स्थानिक आकडा कळायला तीच लागते. मग तलाठी, पोलीस पाटील, राज्याचं पुरातत्त्व खातं, जो आधी भेटेल त्याला कळवा.

सरकारकडेही मागणं आहे. शेतकरी कळवत नाही ते जमीन जाईल या भीतीनं. एका मडक्यापायी कुणाचं रान कायमचं अडकणार नाही, काम थांबेल ते चार-आठ दिवस, हे त्याला कुणीतरी अधिकारानं, लेखी सांगायला हवं. तालुक्याला एक फोन नंबर हवा, जो शुक्रवारी दुपारीही उचलला जाईल आणि ज्याच्या पलीकडचा माणूस त्याच दिवशी निघेल. घोड, भीमा, प्रवरा, गोदावरीच्या काठची पांढरीची टेकाडं दर हंगामाला कमी होत चालली आहेत. आमच्या भागात माझ्या लहानपणी होती त्यातली दोन मला आता दाखवता येणार नाहीत.

आणि घरातल्या आयाबायांसाठी एक. त्या दिवशी माझ्या वहिनी मला म्हणाल्या, "अहो, लेकराची माती करायची का त्याला प्रयोगशाळेत पाठवायचं?" प्रश्न खरा आहे. तपासणीनंतर अवशेषांचं काय करायचं, हे गावाला विचारूनच ठरवावं असं माझंही मत आहे. पण ज्या आईनं दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आपल्या घराच्या जमिनीखाली, आपल्या पायाशी ते मूल ठेवलं, तिनं ते नदीत सोडलं नव्हतं. तिला ते जवळ हवं होतं.

त्या संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर मी परत त्या खड्ड्यापाशी गेलो. मडकी होती त्या जागेचा ठसा अजून मातीत होता, दोन अर्धगोल, एकमेकांना लागून. एकतीस वर्षांची सवय, खिशात नमुन्याची बाटली होती. ठशाच्या आतली माती भरली, बूच लावलं, चिठ्ठीवर तारीख, गट नंबर आणि खोली लिहिली. या मातीवरून तिथल्या स्ट्रॉन्शियमचा स्थानिक आकडा काढता येईल. ज्या दाताशी तो ताडून पाहायचा तो दात नाही. बाटली माझ्या कपाटात आहे. घोड खोऱ्यातल्या दातांवर काम करणाऱ्या कुणा अभ्यासकाला ती हवी असेल, तर आपल्या कार्यालयात माझा पत्ता दिलेला आहे, मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक निवृत्त लॅब केमिस्ट
ता. शिरूर, जि. पुणे